तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोरपना गावची लेकरं लाकडी बैल घेऊन तोरणाखाली येतात, घरोघर जाऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली हा तान्हा पोळा सुरू केला, असं सांगतात. नीट सांधलेला नंदी थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. मोडतो तो बहुतेक पायातच, आणि तेही लाकडाच्या तंतूंची रेषा न पाहिल्यामुळे.

लाकूड उन्हाळ्यातच आणून सावलीत वाळवा. श्रावणात घेतलेलं ओलं लाकूड पुढे तडकतं. धडाला शिवण उत्तम: हलकी, पटाशीला मऊ, वाळल्यावर फारशी वाकत नाही. पाय-शिंगांना सुताराकडचे उरलेले सागाचे तुकडे पुरतात.

धडासाठी १२ इंच लांब, ४ इंच रुंद, ६ इंच उंच ठोकळा घ्या. त्याच्या बाजूवर मान, वशिंड, पाठ आखा. करवतीने कोपरे उडवा, मग पटाशीने हळूहळू उतरवत या. वशिंड आधी थोडं मोठंच ठेवा.

पाय त्याच ठोकळ्यातून कोरू नका. धडाची रेषा आडवी, म्हणून पायातही ती आडवीच येते आणि पहिल्या ठेचेला पाय तुटतो. पाय वेगळे, उभ्या रेषेचे, ७ इंचांचे करा. वरच्या १ इंचाचं कुसू काढा आणि पोटाखाली तेवढीच साल (खाच) पाडून फेव्हिकॉल लावून ठोका. शिंगांची रेषाही लांबीतच हवी. खालच्या पाटाची चाकं फळीतून कापा. फांदीच्या गोल चकत्या वाळताना मध्यापर्यंत चिरतात.

फटी बुजवायला आदिलाबादपलीकडच्या निर्मळच्या खेळणी-कारागिरांची रीत घ्या. चिंचोके भाजून सोला, भिजवून वाटा, शिजवून खळ करा आणि त्यात चाळलेला भुसा कालवा. हा लगदा मानेच्या वळ्यांवरही चढतो, त्यामुळे बैल अंगाने भरलेला दिसतो. पूर्ण वाळल्यावर काचपेपर मारा.

आधी पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या, मग झूल, शिंगं, खूर. डोळे सगळ्यांत शेवटी, दोन्ही एकाच बैठकीत. नाहीतर नजर तिरकी होते. लहान लेकरं शिंग तोंडात घालतात, म्हणून डब्यावर शिसं नसल्याचं पाहूनच रंग घ्या.

नंदी चाकांच्या पाटावर खिळा न मारता खालून स्क्रूने आवळा. ओढायची दोरी पाटाला बांधा, मानेला नको. पोर धावलं की सगळा हिसका मानेवर येतो.