डोक्याच्या तुकड्याला अंडाशय येतो कुठून?

प्रश्न : प्लॅनेरिया या चपट्या कृमीचा कोणताही तुकडा पूर्ण प्राणी होतो, असे मुलाच्या दहावीच्या अभ्यासात आले. पण नुसत्या डोक्याच्या तुकड्यात अंडाशय नाही, वृषण नाही. मग पुढे त्याला पिल्ले कशी होतात? (एक वाचक, टेंभुर्णी, जि. जालना)

उत्तर : शंका रास्त आहे. आधी ‘कोणताही’ हा शब्द खोडू. डोळ्यांच्या पुढचे टोक आणि घशाची नळी हे भाग वेगळे काढले, तर त्यांतून काहीच उगवत नाही. बाकी शरीर मात्र अजब चिवट. टी. एच. मॉर्गन यांनी 1898 मध्ये 279 व्या हिश्श्याएवढ्या कणातूनही कृमी वाढल्याचे नोंदवले होते. (गांडुळाला हे साधत नाही, त्याचा शेपटाकडचा अर्धा भाग बहुधा मरतोच.)

टोक आणि नळी या दोन भागांत नसते काय? मूलपेशी. प्लॅनेरियाच्या शरीरात विभागणाऱ्या पेशी एवढ्याच. क्ष-किरणांनी त्या मारल्या की जखम भरते, पण नवा अवयव येत नाही आणि काही आठवड्यांत प्राणी मरतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मरणपंथाला लागलेल्या कृमीत दुसऱ्याची एकच मूलपेशी सोडली. तेवढ्यावर काही कृमी जगले आणि हळूहळू त्यांचे सगळे शरीर त्या एका पेशीच्या वंशाचे झाले.

आता अंडाशयाकडे. माणसात बीजपेशी गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच वेगळ्या पडतात; त्या गेल्या तर इतर पेशींतून पुन्हा होत नाहीत. जालन्याच्या भाषेत, आपले बियाणे आधीच बाजूला काढलेले असते. प्लॅनेरिया मात्र कणगीतल्या दाण्याचे ऐनवेळी बियाणे करतो. डोक्याच्या तुकड्यातल्या काही मूलपेशींत ‘नॅनोस’ हे जनुक जागे होते, त्या बीजपेशी बनतात आणि त्यांतून वृषण, अंडाशय उभे राहतात. हे जनुक बंद पाडले तर कृमी धडधाकट राहतो, फक्त निर्बीज होतो. उपासमार झाली तर तो जननेंद्रियेच आटवतो आणि अन्न मिळाले की पुन्हा घडवतो. काटकसर म्हणावी तर अशी! काही प्लॅनेरिया तर या भानगडीतच पडत नाहीत. शेपूट चिकटवून धरतात, पुढे ओढतात आणि स्वतःचेच दोन करतात.

प्लॅनेरिया निरुपद्रवी, पण त्याचे भाऊबंद तसे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार आढळला. तो शिस्टोसोमा या रक्तातल्या चपट्या कृमीचा, अशी नोंद गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये केली. या कृमीतही प्लॅनेरियासारख्याच मूलपेशी असतात, हे 2013 मध्ये दिसले. याची मादी नराच्या मिठीतच वयात येते; ताटातूट झाली की तिचा अंडाशय आटतो, पुन्हा जोडी जमली की भरतो. नराकडून तिला मिळणारा रासायनिक निरोप 2022 मध्ये सापडला. या आजारात खरी इजा करतात ती शरीरात अडकलेली अंडी, म्हणून तो निरोप अडवता येईल का, याकडे संशोधकांचे लक्ष आहे.