नदीच्या अंगातील काटा

हायाओ मियाझाकी हे जपानमधील थोर चित्रपटकार होत. कागदावरील चित्रांना चालतेबोलते करून त्यांतून अद्भुत कथा सांगावी, ही त्यांची कला. त्यांचा ‘स्पिरिटेड अवे’ हा चित्रपट २००१ साली प्रदर्शित झाला आणि २००३ साली त्यास ऑस्कर पारितोषिक लाभले.

या कथेची नायिका चिहिरो अवघी दहा वर्षांची आहे. आईवडिलांबरोबर ती एका ओसाड जागी येते. तेथे मांडून ठेवलेले परक्याचे अन्न आईवडील अधाशीपणाने खातात आणि पाहता पाहता त्यांची डुकरे होतात! त्यांना सोडविण्यासाठी चिहिरो तेथेच राहते. देवदेवता जेथे स्नानास येतात, अशा एका भव्य स्नानगृहात ती चाकरी पत्करते. तेथील मालकीण युबाबा ही चेटकीण. ती मुलीचे नावही हिरावून घेते व तिला ‘सेन’ म्हणू लागते.

एके रात्री पावसात तेथे एक पाहुणा आला. पाहुणा कसला, चिखलाचा चालता डोंगरच तो! दुर्गंधीने सर्वांचा जीव कासावीस झाला. त्याच्या सेवेस नव्या पोरीला पुढे करण्यात आले. तिलाही किळस आली. पण ती मागे फिरली नाही. त्याला स्नान घालीत असता, त्याच्या अंगात काट्यासारखे काहीतरी रुतलेले तिच्या हाती लागले. मग दोर बांधून सर्वांनी ते ओढले. बाहेर काय आले? एक सायकल! तिच्यामागून केरकचऱ्याचे ढीग बाहेर पडले. तो पाहुणा म्हणजे एका नदीचा देव होता. माणसांनी टाकलेल्या घाणीने त्याचे रूप झाकून गेले होते.

देव निघून गेला. मागे राहिलेले सोने वेचण्यास सारे नोकर धावले. सेनच्या हाती मात्र औषधाचा एक गोळा होता. तो तिने आईवडिलांसाठी जपून ठेवला. परंतु पुढे घायाळ मित्राला व एका व्याधिग्रस्त जीवाला तोच देऊन टाकला.

हा प्रसंग निव्वळ कल्पनेतील नव्हे. मियाझाकी स्वतः घराजवळची नदी स्वच्छ करण्यास गेले होते. तळाशी रुतलेली एक सायकल तेव्हा सर्वांनी दोर लावून बाहेर काढली होती.

चित्रपटात उपदेशाची भाषणे नाहीत. आरंभी चिहिरो उंच जिना भीत भीत, बसत बसत उतरते. तीच पुढे उंचावरील डळमळत्या नळावरून धावत जाते. तिचे धैर्य वाढले, हे शब्दांवाचून चित्रच सांगते.

घाणीमागे दडलेली नदी ओळखण्यास जादू लागत नाही. किळस बाजूस सारून जवळ जाणारे मन मात्र लागते.

शब्दार्थ : ओसाड – निर्जन; चाकरी – नोकरी; कासावीस – व्याकूळ; घायाळ – जखमी.

स्वाध्याय
१. चिहिरोच्या आईवडिलांची डुकरे का झाली?
२. पाहुण्याच्या अंगातील ‘काटा’ म्हणजे काय होते?
३. सोने वेचणारे नोकर आणि सेन यांच्या वागण्यातील फरक सांगा.
४. तुमच्या गावच्या नदीच्या किंवा ओढ्याच्या अंगात कोणते ‘काटे’ रुतले आहेत? पाहून दहा ओळी लिहा.