शितावरून भाताची परीक्षा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पातेल्यातले एक शीत बोटांनी चेपून पाहावे आणि सगळा भात शिजला की नाही ते ठरवावे. संख्याशास्त्रात जिला नमुना पाहणी म्हणतात तिचे सारे मर्म या म्हणीत आले आहे. मात्र म्हणीने एक अट गृहीत धरली आहे आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. भात सर्वत्र सारखा शिजलेला असला पाहिजे, नाही तर शीत कोठूनही येण्याची सारखीच शक्यता असली पाहिजे. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात तळाचा भात करपतो आणि वरचा कच्चा राहतो. वरचे शीत घेणाऱ्यास सगळा भात कच्चा वाटेल, तळाचे घेणाऱ्यास करपलेला. अशा वेळी एका शिताऐवजी वरचीच शंभर शिते चेपून पाहिली तरी उत्तर सुधारत नाही. चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढतो.

शंभर शितांची ही गोष्ट १९३६ साली अमेरिकेत प्रत्यक्ष घडली. 'लिटररी डायजेस्ट' हे तेथील नावाजलेले साप्ताहिक. अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी टपालाने लोकांचा कौल मागविण्याची त्याची प्रथा होती, आणि १९३२ साली त्याचा अंदाज जवळजवळ तंतोतंत उतरला होता. १९३६ मध्ये त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. त्यांतील सुमारे २४ लाख भरून परत आल्या. निष्कर्ष निघाला तो असा की, आल्फ्रेड लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील आणि फ्रँकलिन रूझवेल्ट पराभूत होतील. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली आणि लँडन यांच्या वाट्याला ४८ पैकी दोनच राज्ये आली. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांच्या पाहणीवरून रूझवेल्ट यांचा विजय आधीच वर्तविला होता. 'डायजेस्ट'चा अंदाज फसणार हेही त्यांनी सांगून ठेवले होते. १९३८ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले.

चूक दोन ठिकाणी झाली होती. मतपत्रिकांचे पत्ते प्रामुख्याने दूरध्वनी पुस्तिकांतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. महामंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी फोन किंवा मोटार होती तो वर्ग तुलनेने सुस्थितीतला होता, आणि रूझवेल्ट यांचा पाठिंबा मुख्यतः त्या वर्गाबाहेर होता. दुसरी चूक पाठ्यपुस्तकांत अनेकदा वगळली जाते, परंतु ती तितकीच मोठी होती. चारांपैकी तिघांनी पत्रिका परतच पाठवली नाही. जे उत्साहाने उत्तर देतात ते आणि जे देत नाहीत ते एकाच मताचे असतील असे मानण्यास काहीच आधार नसतो. सत्तेवर नाराज असलेला मनुष्य तिकीट चिकटवून पत्र टाकण्याचे कष्ट अधिक तत्परतेने घेतो.

संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या दोषास 'अभिनती' असा शब्द आहे. आपण त्याला सोप्या भाषेत 'कल' म्हणू. तराजूचे एक पारडे मुळातच जड असावे तसा हा दोष असतो. असा तराजू दहा वेळा वापरा किंवा दहा हजार वेळा, चूक एकाच बाजूस होत राहील. याहून निराळी एक चूक असते ती निव्वळ योगायोगाची. तीत कधी थोडे जास्त भरते, कधी थोडे कमी, आणि नमुना वाढविला की ती आपोआप आटत जाते. दोन्ही चुकांना आपण बोलताना 'फरक' म्हणतो खरे, पण एकीवर संख्येचा उपाय चालतो आणि दुसरीवर मुळीच चालत नाही.

आपल्या शाखेपुरते उदाहरण घ्यावयाचे तर ग्राहकसेवेची पाहणी घ्या. मंगळवारी सकाळी अकरा वाजता दालनात बसलेल्यांना अर्ज वाटले तर उत्तरे मुख्यतः निवृत्तिवेतनधारकांची आणि दुकानदारांची येतील. नोकरदार त्या वेळी कचेरीत असतो. सेवेला कंटाळून खाते बंद करून गेलेला ग्राहक तर कोणत्याच यादीत सापडणार नाही, आणि सांगण्यासारखे सर्वांत जास्त त्याच्याकडेच असते. त्यातून अर्ज भरून घेणारा कर्मचारीच उद्या कर्जाचा कागद पुढे सरकविणार असेल, तर 'सेवा समाधानकारक आहे का?' या प्रश्नाला कोण नाही म्हणेल?

शेतातले प्रयोग

या विषयाची सर्वांत बोधप्रद बाजू आपल्याच देशात, आणि तीही शेताच्या बांधावर, पाहावयास मिळते. ब्रिटिश काळात पिकाचा अंदाज 'आणेवारी'ने होई. गावच्या महसुली कामगाराने पिकावर नजर टाकावी आणि यंदा सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आहे ते सांगावे. हीच पुढे पैसेवारी झाली. सारा माफ होणे किंवा तहकूब होणे या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे तो वर किंवा खाली ओढणारे हात पुष्कळ असत. शिवाय नजर प्रामाणिक असली तरी ती निष्पक्ष असतेच असे नाही. 'सरासरी पिकाचा एक तुकडा दाखवा' असे म्हटल्यावर मनुष्याचा हात नकळत भरल्या कणसांकडे जातो.

यावर उपाय म्हणून जागा माणसाने निवडायचीच नाही, ती चिठ्ठीवर सोपवायची, हा विचार पुढे आला. १९२० च्या दशकात बिहार व ओरिसा प्रांतात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने भाताच्या पिकासाठी अशा कापण्या करून पाहिल्या. पुढे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली आणि तिला शास्त्राचे रूप दिले. खर्च कमी यावा आणि नमुने जास्त घेता यावेत म्हणून त्यांचा भर लहान तुकड्यांवर होता. अवघ्या दोन-चार फूट त्रिज्येचे वर्तुळ आखून तेवढेच पीक कापायचे.

येथे एक मराठी नाव येते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले सुखात्मे १९४० च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करीत होते. निरनिराळ्या आकारांचे तुकडे एकाच पिकात कापून त्यांनी तुलना केली आणि लहान तुकड्यांतून उत्पादन सातत्याने वाजवीपेक्षा जास्त दिसते असे १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. जागा चिठ्ठीने ठरलेली होती, माणसे प्रामाणिक होती, तरीही कल शिल्लक होता. तो लपला होता वर्तुळाच्या रेघेवर.

रेघेवर उभे असलेले ताट आतले की बाहेरचे? कापणाऱ्याचा विळा शंकेचा फायदा बहुधा आतल्या बाजूस देतो. आता हिशेब पाहा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १२.६ फूट आणि क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस फूट भरते, म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट रेघ. ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद असा आयत, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, घेतला तर परीघ ९९ फूट आणि क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट. येथे चौरस फुटामागे रेघ ०.१८ फूट, साडेपाच पटींनी कमी. तुकडा मोठा घेतला की रेघेवरची उदारता आपोआप निष्प्रभ होते.

महालनोबिस यांचे उत्तर असे की, स्वतःचे पूर्णवेळ प्रशिक्षित कार्यकर्ते असतील तर ही चूक आवरता येते, आणि लहान तुकड्यांमुळे जास्त गावांत जाता येते. सुखात्मे यांचा आग्रह होता की, काम नेहमीच्या महसूल व कृषी कर्मचाऱ्यांकडूनच होणार असल्याने पद्धतच अशी हवी की, तिच्यात चुकीला वाव कमी राहील. दोघांचा वाद बराच गाजला. शास्त्र म्हणून दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु लाखो गावांत, घाईच्या दिवसांत, साध्या कर्मचाऱ्याकरवी करावयाच्या कामासाठी सुखात्मे यांची सावधगिरी अधिक व्यवहार्य होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा वाद केवळ विद्वानांचा राहिला नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्राधारित पीक विम्याची कल्पना मांडली. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे न मोजता परिसराचे सरासरी उत्पादन मोजावे आणि त्यावरून सर्वांना भरपाई द्यावी, असे तिचे सूत्र. १९८५ च्या व्यापक पीक विमा योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपर्यंत हेच सूत्र चालत आले आहे. मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत हा घटक धरून किमान चार पीक कापणी प्रयोग करावेत, असा २०१६ च्या योजनेचा नियम होता. चार तुकड्यांवर सगळ्या गावाचा निवाडा!

समजा, एखाद्या गावाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १,००० किलो आहे आणि विमा संरक्षण ५०,००० रुपयांचे. यंदाचे खरे उत्पादन ८०० किलो झाले. घट २० टक्के, म्हणून भरपाई १०,००० रुपये. आता कापणीत दहाच टक्क्यांचा कल शिरला आणि उत्पादन ८८० किलो नोंदले गेले, तर घट १२ टक्के दिसेल आणि भरपाई ६,००० रुपयांवर येईल. मोजणीतील दहा टक्क्यांनी भरपाईतले चाळीस टक्के नेले. खरे उत्पादन ९२० किलो असते तर नोंद १,०१२ किलोची होऊन एक रुपयाही मिळाला नसता. पीक कर्जाचे खाते सांभाळणाऱ्या आपल्या ग्रामीण शाखांतील सहकाऱ्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उलट दिशेने कल शिरला तर भुर्दंड विमा कंपनीस आणि अखेर करदात्यास बसतो. म्हणूनच शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजत, आधीच ठरलेल्या यादृच्छिक आकड्यांनुसार खुंटी ठोकायची आणि ती विरळ पिकात पडली तरी हलवायची नाही, असा दंडक आहे. खुंटी दोन पावले सरकविण्याची गळ शेतकरी घालू शकतो, तशीच कंपनीचा प्रतिनिधीही. चार तुकडे कमी पडतात ही तक्रार रास्त आहे, कारण तेथे योगायोगाची चूक मोठी राहते. पण सरकविलेल्या खुंटीच्या चाळीस कापण्या केल्या तरी त्या कामाच्या नाहीत.

चिठ्ठ्यांचा न्याय

पाहणीत आपण 'काय आहे' ते विचारतो, तर प्रयोगात 'हे केल्यास काय होईल' ते. प्रयोगाची रीत शास्त्रशुद्ध केली ती रोनाल्ड फिशर यांनी, १९१९ पासून इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतांत. खत घातलेला तुकडा जास्त पिकला, पण तो मुळातच सुपीक नव्हता कशावरून? फिशर यांचे उत्तर तीन अंगांचे होते. खत कोणत्या तुकड्यास मिळेल ते चिठ्ठीने ठरवावे, एकाच तुकड्यावर न थांबता पुनःपुन्हा करून पाहावे, आणि सारख्या जमिनीचे तुकडे एका गटात घेऊन चिठ्ठ्या त्या गटातल्या गटात टाकाव्यात. भारतातील कृषी संशोधकांच्या पिढ्या हे तंत्र डॉ. व्ही. जी. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांच्या १९५४ मधील ग्रंथावरून शिकल्या.

बँकेत याचा उपयोग असा. हप्त्याची आठवण देणारा संदेश पाठविल्याने वसुली सुधारते का, हे पाहावयाचे आहे. उत्साही व्यवस्थापकांच्या शाखा पुढे येतील, तेथे वसुली सुधारलेली दिसेलही. पण श्रेय संदेशाचे की व्यवस्थापकाचे, ते कळणार नाही. शाखांचे ग्रामीण, निमशहरी व शहरी असे गट करून प्रत्येक गटात निम्म्या शाखा चिठ्ठीने निवडल्या, तर तेच व्यवस्थापक दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातील.

पाहणीतला कल शोधण्यासाठी खुद्द प्रयोगच योजल्याचे एक मोठे भारतीय उदाहरण आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाचा खर्च विचारताना बहुतेक वस्तूंसाठी मागील ३० दिवसांचा काळ धरीत. माणूस महिन्याभराचे विसरतो, म्हणून खर्च कमी सांगितला जातो, अशी शंका होती. तेव्हा १९९४ ते १९९८ या काळातील ५१ ते ५४ या फेऱ्यांत कुटुंबे यदृच्छेने दोन भागांत वाटली. एका भागास जुनी प्रश्नावली दिली. दुसऱ्या भागास अन्नपदार्थांसाठी सात दिवसांची आणि कपडे, टिकाऊ वस्तू यांसाठी वर्षाची मुदत दिली. कुटुंबे चिठ्ठीने वाटलेली असल्यामुळे उत्तरांतील फरक प्रश्नाचाच होता. तो फरक एवढा निघाला की, नव्या प्रश्नावलीने देशातील गरिबांची मोजणी जवळजवळ निम्म्यावर आली. एकाही घरात एक घास अन्न वाढलेले नसताना!

एवढे हाती आल्यावर १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत मात्र सात दिवस आणि तीस दिवस हे दोन्ही प्रश्न अन्नपदार्थांसाठी एकाच कुटुंबाला शेजारी-शेजारी विचारले गेले. विचारणारा आणि सांगणारा दोघेही एका उत्तराचा मेळ दुसऱ्याशी घालू लागले, आणि तीस दिवसांचे उत्तर पूर्वीसारखे राहिले नाही. दारिद्र्याचे अधिकृत प्रमाण १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलेले दिसले. ही घट किती खरी आणि किती प्रश्नावलीची, यावर अर्थतज्ज्ञांत अनेक वर्षे वाद चालला. पुढे २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत अन्न, नेहमी लागणाऱ्या वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू अशा तीन प्रश्नावल्या करून त्या तीन महिन्यांतील तीन निरनिराळ्या भेटींत विचारण्यात आल्या. त्यामुळे २०११-१२ चा आकडा तिच्या शेजारी मांडताना दोन्ही वर्षी प्रश्न कसा विचारला होता, ते प्रथम पाहावे लागते.