बन्सी गहू आणि रोडगा

हुडकेश्वर परिसरातील मुलांस गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला रोडगा परिचित असतो. परंतु बन्सीच्या कणकेचा पाव नीट फुगत नाही, म्हणून तो गहू हलका, असा समज त्यांच्यात आढळल्यास शिक्षकांनी तो प्रयोगाने दूर करावा. बन्सीच्या कणकेचा व मैद्याचा एकेक घट्ट गोळा अर्धा तास ठेवून पाण्यात धुवावा. पिष्ट वाहून जाऊन चिकट ग्लुटेन उरते. (कोंड्यामुळे कणकेचा गोळा तितका स्वच्छ निघणार नाही, चालेल.) मैद्याचे ग्लुटेन रबरासारखे ताणते, बन्सीचे लवकर तुटते. पावाच्या गव्हात ४२ गुणसूत्रे, बन्सी व खपलीत २८. भेद जातीचा आहे, प्रतीचा नव्हे. रोडग्यास जाडसर कणीक, मोहन व मंद आच पुरे. अंकुरातील तेलामुळे कणीक खवट होते. ती थोडी थोडीच दळावी.