इंच म्हणजे पंचवीस नव्हे

माझं गाव उदयनगर, देवास जिल्ह्यातलं. पणजोबा देवास संस्थानात कारकून म्हणून आले आणि आमचं घर या मुलखात रुजलं. घरात मराठी, ओट्यावर माळवी, बाजारात हिंदी, असं आमचं बोलणं. जवळच धार जिल्ह्यात पीथमपूर आहे. तिथे 2007 पासून देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या खडकाळ रस्त्यावर पळवायला येतात. स्पर्धेचं नाव बाहा. शेवटची शर्यत सलग चार तासांची असते आणि ती पुरी करणं हीच मोठी गोष्ट मानतात. मी इंदूरच्या एका कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं होतो, शेवटच्या वर्षी कॅप्टन. आता पीथमपुरातच नोकरी करतो आणि संध्याकाळी नव्या मुलांना मदत करतो. दरवर्षी त्यांना सांगतो ते इथे लिहून ठेवतो आहे.

1. इंजिन बदललं की गाडी बदलते.

आमच्या वेळी बाहामध्ये सगळ्यांना एकच इंजिन. ते उघडायचं नाही, त्यात काही फेरफार करायचा नाही, गव्हर्नरने फेरे मिनिटाला 3800 वर बांधलेले. सुरुवातीच्या वर्षांत लोम्बार्डिनीचं 340 सीसीचं इंजिन होतं, पुढे स्पर्धेने ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसीचं, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन आणलं. आम्हाला वाटलं, चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. प्रत्यक्षात माउंटिंगची भोकं जुळेनात म्हणून नवी प्लेट कापली. प्लेट बदलली तसं गिअरबॉक्सपर्यंतचं अंतर बदललं. अंतर बदललं म्हणून मागच्या चौकटीचे दोन पाइप कापून पुन्हा वेल्ड केले. एवढं झाल्यावर पाहिलं तर सायलेन्सर इंधनाच्या नळीजवळ आलेला. मग टाकीची जागाही हलली. नवं इंजिन येणार हे कळेल त्या दिवशी जुनं ड्रॉइंग बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर सुरुवात करा. जुन्या ड्रॉइंगमध्ये डागडुजी करत बसलो म्हणून आमचे सहा आठवडे गेले.

2. मोजमाप तोंडी सांगू नका.

नव्या इंजिनाचा शाफ्ट एक इंचाचा. आमच्यातल्या एकाने लेथवर काम करणाऱ्या चाचांना फोन करून सांगितलं, हबला पंचवीसचा बोअर मारा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे चोख काम केलं. रात्री अकरा वाजता हब शाफ्टवर चढवायला घेतला, तो टोकालाच अडला. ग्रीस लावलं, लाकडी हातोडीने हलके ठोके दिले, तरी हलेना. सकाळी चाचांनी खिशातून व्हर्निअर काढला, शाफ्टवर लावला आणि आमच्यासमोर धरला. 25.4. "इंच पच्चीस नहीं होता, भैया," एवढंच म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. परत बोअर मारून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आमच्या टीमचा नियम आहे की सही केलेल्या कागदाशिवाय एकही तुकडा लेथवर जायचा नाही.

3. कानावर विश्वास ठेवा.

आमच्या भागात कावडिया डोंगर आहे. तिथे बेसाल्टचे कोनदार दगडी खांब रचून ठेवल्यासारखे पडलेले आहेत आणि त्यांवर दगड आपटला की धातूसारखा नाद येतो. लहानपणी आम्ही तासन् तास ते वाजवत बसायचो. पुढे रोलकेजची, म्हणजे चालकाभोवतीच्या पाइपांच्या पिंजऱ्याची, वेल्डिंग तपासताना मी तेच केलं. छोट्या हातोडीने प्रत्येक सांध्यावर टकटक. एका सांध्याचा आवाज बद्द आला. कापून पाहिलं तर आत पोकळी. तपासणीला येणारे अधिकारी सगळं बघतात, पण रात्रीच्या वर्कशॉपमध्ये तुमच्याशिवाय कोणी नसतं.

4. इंजिन बदलतंय हे स्पॉन्सरला सगळ्यांत आधी सांगा.

ही माझी सगळ्यांत मोठी चूक, म्हणून सविस्तर लिहितो. एका कारखान्याने आम्हाला रोख रकमेचा शब्द दिला होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना त्यांचं नाव, एवढीच अट. मधल्या महिन्यांत त्यांनी विचारलं, काम कुठवर आलं? आमचं नवं इंजिन अजून बाकावर होतं, चौकट अर्धी कापलेली. हे सांगितलं तर शब्द फिरवतील अशी भीती वाटली. मी आदल्या वर्षीच्या गाडीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, काम जोरात चालू आहे.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडचे एक गृहस्थ न कळवता वर्कशॉपमध्ये आले. बाकावरचं इंजिन पाहिलं, कापलेली चौकट पाहिली, मग फोनमधला फोटो उघडून माझ्यासमोर धरला. त्यांनी रागावून एक शब्दही उच्चारला नाही. चहा घेतला, मुलांची नावं विचारली आणि जाताना म्हणाले, इंजिन बदललं म्हणून उशीर होतोय एवढं लिहिलं असतंत तर मीच दोन फिटर पाठवले असते. पैसे आले नाहीत. त्यांची काही चूक नव्हती. नोंदणीची राहिलेली रक्कम आम्ही पंचवीस जणांनी घरून आणून भरली. त्यात दोघांच्या आयांनी पतपेढीतून पैसे काढले, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षीपासून दर महिन्याच्या पाच तारखेला एक पान. हिंदीत, साध्या भाषेत. काय झालं, काय बिघडलं, किती खर्च झाला, आणि त्याच दिवशी काढलेला एक फोटो. ते पान वाचून तीन जणांनी स्वतःहून विचारलं, काही कमी पडतंय का?

5. फाइल मागून, गाडी आधी.

आमचं स्पॉन्सरशिपचं पुस्तक चोवीस पानी, इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. उदयनगरच्या एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी ते न उघडता गल्ल्यावर ठेवलं आणि विचारलं, "गाडी कुठे आहे?" बाजाराच्या दिवशी पिकअपमध्ये घालून गाडी त्यांच्या दुकानासमोर आणली. काका धोतर सावरत खाली वाकले, सस्पेन्शन दाबून पाहिलं, साखळीचा ताण बोटाने तपासला आणि म्हणाले, "इंजिन कोणतं?" मग अर्धा तास इंजिनावरच बोलणं. रोख रक्कम त्यांनी दिली नाही. पीथमपूरला जायला-यायला ट्रॉली, डिझेल आणि एक माणूस दिला. हिशेब केला तेव्हा कळलं की रोख देणाऱ्या कित्येकांपेक्षा ही मदत मोठी होती. इंदूरच्या लोहामंडीतून पाइप, सियागंजमधून बेअरिंग, कुणाच्या मशीनचे दोन तास, हे सगळं स्पॉन्सरशिपमध्येच मोडतं. त्या प्रत्येकाचं नाव गाडीवर यायला हवं, आणि रोख देणाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत.

6. एकाच खांबावर मांडव घालू नका.

फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. 2008 मध्ये फेरारीचं इंजिन होतं आणि वर्षभरात एकही गुण नाही. 2009 साठी मर्सिडीजचं इंजिन घेतलं आणि बेल्जियमच्या स्पा इथे फिसिकेलाने पोल मिळवून दुसरा क्रमांक काढला. संघाचे ते पहिलेच गुण. इंजिनाचा निर्णय बरोबर ठरला. पण संघाचा आर्थिक भार मालकांच्याच दोन घरांवर होता. ती घरं अडचणीत आली आणि जुलै 2018 मध्ये संघ प्रशासकाच्या हाती गेला. गाडी चांगली होती, माणसंही चांगली होती, तरीही. तुमच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा कुणी एकटा देत असेल तर त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या दाराशी जा.

7. इंजिनाला बोल लावण्याआधी थांबा.

आमची गाडी चढावर दम टाकायची. सगळे म्हणत, जुनं इंजिन बरं होतं. शेवटी कळलं की आमचं गिअरचं गुणोत्तर जुन्या इंजिनाच्या हिशेबाचं होतं. तेव्हा फॉर्म्युला वनमधल्याच मॅक्लारेन संघाचा इतिहास वाचला. 2014 मध्ये मर्सिडीज इंजिनावर 181 गुण. 2015 मध्ये होंडा घेतलं आणि अवघे 27.  गाडीचा मागचा भाग अगदी आवळून बांधायचा मॅक्लारेनचा हट्ट होता, म्हणून होंडाला इंजिन छोट्या जागेत कोंबावं लागलं आणि त्याचा त्रास झाला. तीन हंगामांनी जोडी तुटली. तीच होंडा रेड बुलच्या गाडीत 2019 मध्ये ऑस्ट्रियात जिंकली आणि 2021 मध्ये त्यांचा व्हर्स्टापेन जगज्जेता झाला.

8. वेळ मागून घ्या.

मुंबईच्या महिंद्राने मोटो-3 शर्यतींच्या मोटारसायकलींसाठी 2012 चा हंगाम इटलीच्या ओराल कंपनीच्या इंजिनावर काढला आणि 2013 साठी ते स्वित्झर्लंडच्या सुटरकडे वळले. त्याच वर्षी मलेशियात पोडियम मिळाला. पण पहिला विजय 2016 मध्ये असेनला आला, बान्याइयाच्या हाताने. एवढ्या मोठ्या घराला सुटरकडे वळल्यावरही तीन वर्षं लागली. अमेरिकेतल्या बाहानेही 2023 मध्ये ब्रिग्ज सोडून कोहलरचं 14 हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं आणि तिथल्याही सगळ्या टीमना नव्याने मांडामांड करावी लागली.

आम्हाला वेळ दिला तो माझ्या वडिलांनी. सोयाबीन निघाल्यावर गव्हाची पेरणी त्यांनी एका तुकड्यात दोन आठवडे पुढे ढकलली, का तर आम्हाला काळ्या मातीत गाडी पळवून बघता यावी. बांधावर उभं राहून ते रोज एकच विचारायचे, "बाळा, आज किती वेळ चालली?" पहिल्या दिवशी अकरा मिनिटं. शेवटच्या दिवशी सलग तीन तास वीस मिनिटं. त्या वर्षी पीथमपूरला आमची गाडी चारही तास चालली.

आता देवास, धार, इंदूरकडच्या दुकानदारांना आणि कारखानदारांना एक विनंती. काळे हात आणि जाड फाइल घेऊन अशी मुलं तुमच्या दाराशी येतील. त्यांना बसवून घ्या. फाइल बाजूला ठेवा आणि आधी विचारा, इंजिन कोणतं आहे?