हृदयरोग्याचा खोकला

मृग नक्षत्र लागले की आपल्या सांबऱ्याच्या पंचक्रोशीत पावसापाठोपाठ सर्दी-पडसेही घरोघर येते. वर्गात एका बाकावरून खोकल्याचा आवाज निघतो आणि आठवडा संपण्यापूर्वी तो शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. चार दिवस गरम पाणी, काढा आणि विश्रांती घेतली की बहुतेक जण बरे होतात. म्हणून पडशाला आपण आजारच मानीत नाही. परंतु ज्याचे हृदय जन्मतःच सदोष आहे, अथवा पुढे रोगाने अधू झाले आहे, त्याला तेच पडसे अंथरुणास खिळविते. प्रसंगी त्याच्या जिवावरही बेतते. असे का होते, आणि आपण निरोगी माणसांनी त्याबाबत काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या कोंकणीत हृदयास ‘काळीज’ म्हणतात. मराठीतही ‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण म्हणतोच. मुठीएवढा हा अवयव दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देतो. त्याचे उजवे अंग शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे धाडते. तेथे कोट्यवधी इवल्याशा वायुकोशांच्या भोवती ते पसरते, प्राणवायू घेते आणि डाव्या अंगात परत येते. डावे अंग ते सर्व देहभर पोहोचविते. म्हणजे फुफ्फुसे ही हृदयाच्या दोन अंगांच्या मधोमध वसलेली आहेत. साहजिकच हृदयात कोठे अडथळा आला, तर त्याचा पहिला जाच फुफ्फुसांना होतो.

बेळगावात टिळकवाडीच्या बाजूस रेल्वेचे फाटक पडले म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गाड्यांची रांग मागे मागे लांबत जाते व आसपासच्या गल्ल्याही तुंबतात. हृदयाच्या डाव्या अंगात कर्णिका व जवनिका यांच्यामध्ये एक झडप असते. ती रोगाने आखडली, म्हणजे अर्धवट पडलेल्या फाटकासारखी तिची अवस्था होते. पुढे जाऊ न शकलेले रक्त फुफ्फुसांत साचते, तेथील सूक्ष्म वाहिन्यांवर दाब वाढतो आणि रक्तातील पाणी वायुकोशांकडे झिरपू लागते. हृदयाचा स्नायू थकला असतानाही हेच घडते. काही बालकांच्या हृदयात दोन्ही अंगांमधील पडद्याला जन्मतःच छिद्र असते. ते मोठे असल्यास डावीकडचे रक्त उजवीकडे शिरते आणि फुफ्फुसांकडे वाजवीपेक्षा कितीतरी अधिक रक्ताचा लोंढा जातो. असे मूल दूध पिताना दमते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही आणि त्याला वारंवार छातीचा विकार होतो. ‘याची छातीच नाजूक’ असे घरची माणसे म्हणतात. मूळ दोष मात्र हृदयात असतो.

आता जंतूंकडे वळू. आपल्या श्वासनलिकांना आतून चिकट द्रवाचा लेप असतो व त्याखाली अतिसूक्ष्म केसांची दाट लव असते. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू त्या द्रवात अडकतात आणि ही लव त्यांना सतत वर, घशाकडे, लोटीत असते. यातून निसटून जे जंतू वायुकोशांपर्यंत जातात, त्यांना तेथील भक्षक पेशी गिळून टाकतात. निरोगी छातीतील ही झाडलोट रात्रंदिवस चालते. परंतु जेथे पाणी झिरपले आहे, तेथे ती नीट होत नाही. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर बुरशी लवकर धरते, तद्वत ओलसर फुफ्फुसात जंतूंना ठाव मिळतो. त्यातूनच न्यूमोनिया, म्हणजे फुफ्फुसाचा दाह, उद्भवतो.

याखेरीज प्रतिकारशक्तीचा प्रश्न आहे. प्रत्येक हृदयरोग्याची प्रतिकारशक्ती कमीच असते, असे नव्हे. पण ती उणावण्याची कारणे अशा रोग्यांत अधिक आढळतात. दमल्यामुळे पोटभर खाणे होत नाही, आणि कुपोषित देहात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. उतारवयात ही शक्ती मुळातच ओसरते. त्यात मधुमेह असला तर आणखीच. हृदयदोषासह जन्मलेल्या काही बालकांत प्लीहा नसते. काहींत थायमस ही ग्रंथी खुरटलेली असते. या दोन्ही ठिकाणी शरीराचे शिपाई घडतात वा तयार होतात. ज्यांना दुसऱ्याचे हृदय बसविले आहे, त्यांची प्रतिकारशक्ती तर औषधांनी मुद्दाम दडपून ठेवावी लागते. एरवी त्यांचे शरीर त्या हृदयाला परके मानून त्याचा नाश करील.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जगातील पहिल्या हृदयारोपणातच सापडते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की या गृहस्थांना एका अपघातग्रस्त तरुणीचे हृदय बसविले. नवे हृदय उत्तम चालू लागले व सारे जग चकित झाले. पुढे दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. तो रोगी मात्र काही तासांतच दगावला. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. २१ डिसेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला, तो हृदय बंद पडल्यामुळे नव्हे, तर न्यूमोनियाने. परके हृदय नाकारले जाऊ नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्यांचे रक्षण करणारी शक्तीच निःशस्त्र झाली होती. शल्यविशारदाच्या हाताला यश आले. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी ते हिरावून नेले.

जसा हृदयाचा दोष फुफ्फुसांना भोवतो, तसा फुफ्फुसांचा रोगही हृदयाला भोवतो. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडीचे ठोके मिनिटास सुमारे दहाने वाढतात. दाह झालेली फुफ्फुसे रक्ताला प्राणवायू कमी देतात, म्हणजे थकलेल्या हृदयाने अधिक काम कमी शिधोरीवर करावयाचे, असा प्रकार होतो. शिवाय दाहामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इन्फ्लुएंझा झाल्याचे निश्चित झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट आढळले. पडसे आणि हृदय यांचा संबंध किती निकटचा आहे, हे यावरून ध्यानी येईल.

यावर उपाय नाहीत काय? आहेत, आणि त्यांतील पहिला तुमच्याच वयाशी निगडित आहे. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंमुळे घसा सुजतो व दुखतो. त्याकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरणारा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा बिघडवितो. हा संधिज्वर मुख्यत्वे ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध मिळाल्यास तो टळतो. ते औषध म्हणजे पेनिसिलिन. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये त्याचा शोध लावला. आणि १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन पुढील वर्षी भारतातच त्याचे उत्पादन सुरू झाले. ज्याला हा ताप एकदा येऊन गेला आहे, त्याने दर तीन-चार आठवड्यांचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकविता कामा नये.

दुसरा उपाय लसीचा. बेळगावचा ‘व्हॅक्सिन डेपो’ तुम्हांला खेळाच्या व सभांच्या मैदानामुळे ठाऊक असेल. त्याला हे नाव पडले, कारण पूर्वी तेथे देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. एवढे सामर्थ्य लसीत आहे. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये ती देशभर सर्व बालकांसाठी लागू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये अशी लस आपल्या देशातच तयार केली. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपले रूप पालटत असतो. म्हणून त्याची लस हृदयरोग्याने दरवर्षी घ्यावयाची असते. मात्र हृदयारोपण झालेल्यांना जिवंत जंतूंच्या लसी वर्ज्य असतात. यास्तव प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

तिसरा उपाय म्हणजे वेळीच ओळखणे. पाच वर्षांखालील मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६० वा अधिक, एक वर्षापर्यंत ५० वा अधिक व त्यापुढे ४० वा अधिक श्वास भरले, किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तडक दवाखाना गाठावा. मोठ्या माणसास रात्री आडवे होताच धाप लागणे, एकाऐवजी तीन उशा घ्याव्या लागणे, पायांवर सूज चढणे, ओठ निळसर होणे, ही धोक्याची लक्षणे होत. वृद्धांत व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांत कधी ताप येतच नाही. नुसती मरगळ येते वा बोलण्यात भ्रम दिसतो. ‘अंग तर गार आहे’ म्हणून तेथे निर्धास्त राहणे घातक ठरते. पडशाच्या व अंगदुखीच्या काही गोळ्या रक्तदाब वाढवितात, काही शरीरात मीठ व पाणी साठवितात. सबब हृदयरोग्यासाठी त्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

राहता राहिला धूर. आपल्या भागाला निपाणीच्या तंबाखूने पैसा दिला, हे खरे. पण तिचा धूर श्वासनलिकांतील ती लव निकामी करतो, हेही तितकेच खरे. ओढणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही त्याचा उपद्रव होतो. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून चूल पेटविली व तिच्यावर ओले कपडे वाळत घातले, म्हणजे घरातील रोग्याची छाती त्या धुराने भरते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गात, गल्लीत, कदाचित तुमच्याच घरी माजघरात, असा एखादा रोगी असेल. त्याचे हृदय दुरुस्त करणे तुमच्या हाती नाही. परंतु शिंकताना तोंडावर रुमाल धरणे, बाहेरून येताच साबणाने हात धुणे, पडसे झाले असता आजोबांच्या अंथरुणाशी न जाणे, वर्गातील अशा सोबत्याची आठवड्याची वही त्याच्या घरी पोहोचविणे आणि खेळताना तो दमून बसला तर त्याची थट्टा न करणे, एवढे तुमच्या हाती निश्चित आहे. यंदा पाऊस सुरू होण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना इतकेच विचारा: आजीची, आजोबांची लस झाली का? नसेल झाली, तर त्यांना घेऊन दवाखान्यात जाण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या.