नभोवाणी आणि घरचा हिशेब

विद्यार्थ्यांनो, व्याजाची उदाहरणे तुम्ही वर्गात सोडविता. परंतु त्या विद्येची खरी परीक्षा घरी होते. आपल्या परभणी जिल्ह्यात मृगाच्या सुमारास बीबियाण्यासाठी पैसा लागतो, आणि कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येतात ते दिवाळीच्या आगेमागे. मधल्या काळात कर्जावाचून पुष्कळ कुटुंबांचा निभाव लागत नाही. सावकार म्हणतो, “शेकडा तीन.” शब्द लहान, म्हणून ओझेही लहान वाटते. परंतु हा दर महिन्याचा असतो. दहा हजारांवर वर्षाचे व्याज ३,६०० रुपये होते; आणि थकलेले व्याज दरमहा मुदलात मिळवीत गेल्यास २४ महिन्यांत देणे सुमारे २०,३२८ रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक होते.

ज्या माउलीस अक्षरओळख नाही, तिच्यापर्यंत हे ज्ञान कसे पोहोचावे? येथे नभोवाणी उपयोगी पडते. तिला वाचक नको, श्रोता पुरे. परभणीस तर आकाशवाणीचे केंद्रच आहे. तथापि केवळ ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे, हे आपल्याच प्रांतात एकदा पारखून पाहिले गेले आहे.

सन १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी खास कार्यक्रम झाले. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि गावात काय करावयाचे ते ठरवीत. विषय शेतीचा व ग्रामसुधारणेचा होता. पण त्यातून निघालेला धडा सर्व विषयांस लागू आहे. मंडळे असलेल्या गावांत ज्ञान पुष्कळ वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारच थोडे.

पैशाच्या व्यवहाराचे उदाहरण साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात सापडते. म्हसवडच्या स्त्रियांनी बँक काढण्यासाठी परवाना मागितला, तेव्हा अनेक सभासद निरक्षर म्हणून तो प्रथम नाकारला गेला. त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की, वाटेल त्या रकमेचे व्याज आम्हांस विचारा, आम्ही तोंडी सांगतो. सन १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे सन २००८ मध्ये तेथेच ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र निघाले. अक्षर नसले तरी हिशेबाची बुद्धी असते. तिला ऐकण्याची आणि बोलण्याची जागा मिळाली पाहिजे.

अशी जागा तुमच्या ओसरीवरही होऊ शकते. बचत, कर्ज वा विमा यांवरील कार्यक्रम घरच्या वडील मंडळींसह ऐका. तो संपताच पाटी घ्या, आणि त्यातील आकड्यांऐवजी आपल्या घरचे आकडे मांडा. मग अंगठा वा सही करण्यापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न सर्वांस पाठ करवा: दर महिन्याचा की वर्षाचा? व्याजावर व्याज आहे काय? प्रत्येक हप्त्याची पावती मिळेल काय? सावकाराजवळ परवाना आहे काय? कारण सन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यान्वये परवान्याविना सावकारी करणे हा गुन्हा आहे.

पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने असे प्रश्न विचारिले तर त्यास उद्धट समजू नये. त्याच्या शाळेची फी आपण ज्या विद्येसाठी भरता, तीच ही विद्या होय.